‘काचेचा’ खेळाडू ड्राफ्टमध्ये घ्यावा का? एका फिजिओचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही डॅलसजवळ राहता, तिथल्या काउबॉइज संघाचे चाहते आहात आणि एप्रिलमध्ये एनएफएलचा ड्राफ्ट, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या संघांनी कॉलेजच्या खेळाडूंची आळीपाळीनं केलेली निवड, तोंडावर आला की तुमच्या मराठी मित्रांच्या ग्रुपवर भांडण पेटतं. यंदाचं भांडण एका कॉर्नरबॅकवरून आहे. पोरगा पहिल्या दहांत जाण्याच्या लायकीचा, पण कॉलेजच्या तीन वर्षांत एकदा गुडघ्याचं लिगामेंट, दोनदा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) आणि एकदा खांदा. निम्मे म्हणतात, असा खेळाडू दुसऱ्या फेरीत हाती लागला तर डोळे झाकून उचला. निम्मे म्हणतात, काचेचं भांडं आहे, घरी आणेपर्यंत तडकेल. कोण बरोबर, हे तुम्ही मला विचारलंय, कारण मी गुडघ्यांतच दिवस काढतो.

आधी माझी पायरी सांगतो. मी फिजिओथेरपिस्ट. पहिली सहा वर्षं कोल्हापुरात, नंतरची सोळा इथे ओहायोत, बहुतेक हायस्कूल आणि कॉलेजच्या मुलांमध्ये. एनएफएलच्या कुठल्याही संघाच्या वैद्यकीय खोलीत मी कधी बसलेलो नाही. पोराचं नाव तुम्ही लिहिलंय, पण मी ते मुद्दाम घेत नाही. त्याचा एमआरआय मी पाहिलेला नाही, आणि न पाहिलेल्या गुडघ्यावर नावानिशी मत देणं आमच्या धंद्यात बरं समजत नाहीत.

(फुटबॉल म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांसमोर कोल्हापूरचं शाहू स्टेडियम येतं त्यांच्यासाठी: हा अमेरिकेतला, लांबुळक्या चेंडूचा फुटबॉल. ३२ संघ, ड्राफ्टच्या ७ फेऱ्या, गेल्या हंगामात जो सगळ्यात मार खाल्लेला त्याचा नंबर पहिला. कॉर्नरबॅक म्हणजे चेंडू झेलायला धावणाऱ्या समोरच्या खेळाडूची सावली. उलटं पळायचं आणि एका क्षणात कंबर वळवून सुलटं सुटायचं.)

तुमच्या ग्रुपवर दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत. हा पोरगा पुन्हा मोडेल का, हा एक. आणि या किमतीला तो घ्यावा का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘कदाचित हो’ असलं तरी दुसऱ्याचं ‘घ्या’ असू शकतं. पहिला प्रश्न माझ्या हातातला, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

‘इंज्युरी-प्रोन’ या शब्दाशीच माझं भांडण आहे. तो दुखापतींची बेरीज करतो: गुडघा एक, मांडी दोन, खांदा एक, एकूण चार, म्हणजे काचेचा. मी बेरीज करत नाही. चार दुखापतींना कारणं किती, हे बघतो.

हे मला कोल्हापुरात एका पोरानं शिकवलं. एका तालमीच्या फुटबॉल संघाचा फॉरवर्ड होता. मागे मित्र धरून बसलेला, असा मोटरसायकलवरून आला. सोबत तालमीचे दोन वडीलधारे. त्यांचं म्हणणं एवढंच, "डॉक्टर, ऐतवारी मॅच हाय. पट्टी बांधून द्या, बास." (तिथे फिजिओलाही डॉक्टरच म्हणतात, मी दुरुस्त करणं केव्हाच सोडलं होतं.) दुसऱ्यांनी पुस्ती जोडली, "मागल्या साली मांडी, त्याच्या आधी घोटा, आता ह्यो गुडघा. ह्याचा पायच चांगला न्हाय."

पोरगा म्हणत होता, सूज नाहीच. टेबलावर पाय सरळ ठेवायला लावला. गुडघ्याच्या आतल्या बाजूनं तळहातानं दोन-तीनदा वर निपटलं, मग बाहेरच्या बाजूनं एकदाच वरून खाली हात फिरवला. आतल्या खळग्यात हळूच एक फुगवटा उठला, लाट यावी तसा. पाणी होतं. मग त्याला भिंतीसमोर उभं केलं. टाच जमिनीला टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा आणि पाऊल मागे मागे सरकवत न्यायचं. उजवा पाय भिंतीपासून ११ सेंटिमीटरपर्यंत गेला. डावा ५ वरच अडकला. डावाच घोटा तीन वर्षांपूर्वी मुरगळला होता. कुणी नीट बघितला नव्हता, हळद-चुना लावून तो खेळत राहिला होता. घोटा वाकत नाही म्हणून उडी मारून उतरताना सगळा झटका गुडघ्यावर, आणि पळताना पाऊल पुरतं पुढे पडत नाही म्हणून ताण मांडीवर. लोकांच्या हिशेबात तीन दुखापती. माझ्या हिशेबात एक, दोन शेपट्या असलेली.

त्या रविवारी तो खेळलाच. सोमवारी दुप्पट सूज घेऊन आला. मग मात्र तीन महिने निमूटपणे घोट्यावर काम केलं आणि पुढचा हंगाम पुरा खेळला. त्याच्या पुढच्या हंगामात त्याचा उजवा गुडघा गेला, त्यामुळे मला फार शहाणं समजू नका.

आता तुमचा कॉर्नरबॅक. गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटलं की शिवत बसत नाहीत, बहुधा नवं बसवतात. त्यासाठी खेळाडूच्याच शरीरातला तंतू घेतात. बहुतेकदा एक तर वाटीखालच्या पट्ट्याचा मधला भाग, नाहीतर मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा. तुमच्या पोराचा तंतू हॅमस्ट्रिंगमधून घेतला असेल आणि नंतरच्या दोन्ही हॅमस्ट्रिंग दुखापती त्याच पायाच्या असतील, तर तीन ओळींची ती यादी खरं म्हणजे एकच गोष्ट आहे. जिथून तंतू काढला तो स्नायू पुरता भरून येण्याआधी त्याला पूर्ण वेगानं पळवलं. अशा पोराला मी काचेचा म्हणणार नाही, घाईत परत आणलेला म्हणेन. उलट गुडघा डावा, हॅमस्ट्रिंग एकदा उजवी एकदा डावी आणि खांदा असाच धडकेत निखळलेला असेल, तर तीन कारणं वेगळी झाली आणि मी जास्त सावध होईन. हॅमस्ट्रिंगची एक खोड मात्र लक्षात असू द्या. एकदा ओढली गेलेली हॅमस्ट्रिंग पुन्हा ओढली जाण्याची शक्यता न ओढलेल्यापेक्षा बरीच जास्त असते. आणि कॉर्नरबॅकचा तर सगळा धंदाच त्या स्नायूवर चालतो.

काय तुटलंय यावरही खूप अवलंबून आहे. लिगामेंटची मला तुलनेनं कमी भीती वाटते. कमी म्हणजे नाही असं नव्हे. पंचविशीच्या आतले, वळणं आणि उड्यांच्या खेळात परत गेलेले खेळाडू घेतले तर साधारण चार-पाचांत एकाचं एसीएल, त्याच गुडघ्याचं किंवा दुसऱ्या, पुन्हा तुटतं. नऊ महिन्यांच्या आत घाईनं परतलेल्यांत हे जास्त. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या आईबापांना मी पहिल्यांदा शस्त्रक्रियेची तारीख विचारतो, सर्जनचं नाव नंतर. पोराला एका पायावर उडी मारायला लावायची आणि दोन्ही पायांची अंतरं टेपनं मोजायची, हे आम्ही सगळेच करतो. पण त्यात एक मेख आहे. वर्षभर बसून चांगला पायही अशक्त झालेला असतो. दोन्ही पाय सारखे आले म्हणून आनंदी होणारे ट्रेनर मी पाहिलेत. सारखे म्हणजे सारखेच कमकुवत.

गुडघ्याची गादी आणि कूर्चा यांची भीती मला जास्त. लिगामेंट नवं बसवता येतं, झिजलेली कूर्चा पहिल्यासारखी परत येत नाही. तिथे प्रश्न यंदा खेळेल का हा नसतो, किती वर्षं खेळेल हा असतो. पाठीच्या मणक्यातली चकती हे त्याहून नाजूक प्रकरण. केलेब फार्ली आठवा. व्हर्जिनिया टेकचा कॉर्नरबॅक, २०२१च्या मार्चमध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली, तरी टायटन्सनं त्याला पहिल्या फेरीत २२वा घेतला. पहिल्याच वर्षी एसीएल गेलं, पुढच्या वर्षी पुन्हा पाठ. तुमच्या ग्रुपवरच्या ‘नको’वाल्यांनी त्याचं नाव अजून काढलं नसेल तर मला आश्चर्य वाटेल.

आणि मज्जातंतू. तिथे आम्ही सगळेच हात टेकतो. काउबॉइजचे चाहते म्हणून तुम्हाला जेलन स्मिथ माहीत असणारच, तरी त्याची कथा डॉक्टरच्या बाजूनं सांगतो. १ जानेवारी २०१६, फिएस्टा बोल हा कॉलेज संघांचा सामना, स्मिथचं नोट्र डेम विरुद्ध ओहायो स्टेट. मी तो सामना शेजाऱ्यांच्या घरी, ओहायो स्टेटच्या लाल टोप्यांच्या गर्दीत बसून पाहिला. स्मिथचा डावा गुडघा ज्या बाजूनं उघडला ते बघून खोलीत मी एकटाच म्हणालो, लिगामेंट सोडा, नर्व्हचं बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्याला वळसा घालून एक नस खाली जाते. पाऊल वर उचलायचा हुकूम तीच नेते. ती ताणली गेली की पाऊल लोंबतं आणि चालताना बोटं जमिनीला घासतात. एसीएल आणि एलसीएल (गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाचं लिगामेंट) दोन्ही तुटली होती, ती दुरुस्त झाली. नस मात्र दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगानं वाढते, वाढली तर. जगातला कुठलाही व्यायाम तिला पळवू शकत नाही.

एरवी पहिल्या पाचांत गेला असता असा तो खेळाडू घसरला आणि काउबॉइजनी दुसऱ्या फेरीत ३४वा उचलला. इथे एक गोष्ट चाहते विसरतात. त्याची शस्त्रक्रिया काउबॉइजच्याच संघाच्या डॉक्टरांनी केली होती. बाकीचे ३१ संघ अहवाल वाचत होते, यांच्या माणसानं ती नस डोळ्यांनी पाहिली होती. २०१६ला तो एकही सामना खेळला नाही. २०१७ला पाऊल तोलून धरणारी पट्टी लावून सोळाही सामने खेळला. २०१९ला काउबॉइजनी त्याच्याशी ६ कोटी ४० लाख डॉलरपर्यंतचा नवा करार केला, त्याच हंगामात तो ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्यात गेला, आणि २०२१च्या ऑक्टोबरमध्ये त्याला सोडूनही दिलं. मग हा सौदा फायद्याचा की तोट्याचा? माझ्या मते ३४व्या क्रमांकाचा सौदा फायद्याचा. तोट्याचा ठरला तो २०१९चा करार, आणि तो सर्वस्वी वेगळा निर्णय होता.

गंमत पुढे आहे. त्याच ड्राफ्टमध्ये ३६वा गेला माइल्स जॅक, तोही गुडघ्यामुळेच घसरलेला. त्याची गादी फाटली होती, आणि पुढेमागे मायक्रोफ्रॅक्चर लागू शकेल असं त्यानं स्वतःच पत्रकारांना सांगून टाकलं होतं. हाडाला बारीक छिद्रं पाडून रक्ताच्या गाठीतून नवी कूर्चा धरायची वाट बघणं, असा तो प्रकार. जॅग्वार्सनी घेतला, पहिल्या वर्षी सोळाच्या सोळा सामने खेळला आणि तिथे सहा हंगाम काढले. आणि या दोघांच्या मध्ये, ३५व्या क्रमांकावर, कोण गेला? हंटर हेन्री, टाइट एंड (अडवणारा आणि चेंडू झेलणाराही खेळाडू), गुडघे ठणठणीत. २०१८च्या मे महिन्यात साध्या सरावात त्याचं एसीएल तुटलं आणि अख्खा साखळी हंगाम गेला. ३४, ३५, ३६. असा योग रोज जुळत नाही, पण ‘धडधाकट’ या शिक्क्यावर माझा विश्वास बेताचाच का आहे, ते यावरून समजेल.

मग संघांचे डॉक्टर करतात काय? फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टमधल्या पोरांची चाचणी, भरतं. टीव्हीवर ४० यार्डांची धाव दिसते, पण तो मेळा मुळात सुरू झाला तो खेळाडूंची वैद्यकीय तपासणी एकाच ठिकाणी व्हावी म्हणून. एकामागून एक डॉक्टर तोच गुडघा वाकवून, खेचून, पिळून पाहतात. ज्यांच्याबद्दल शंका राहते त्यांना एप्रिलमध्ये फेरतपासणीला बोलावतात. तरीही मतं जुळत नाहीत. हे ड्राफ्टमधलं नाही, पण बोलकं उदाहरण आहे: २००६मध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू) ड्रू ब्रीसचा शस्त्रक्रिया झालेला खांदा पाहून मायामीच्या डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, न्यू ऑर्लिन्सनी घेतला, आणि २०१०च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. खांदा एक, वाचणारे दोन. म्हणून ‘एवढा घसरला म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार’ हा तुमच्या मित्राचा मुद्दा अर्धाच खरा आहे. घसरणं म्हणजे बहुतेक संघ घाबरले, एवढंच. सगळे एकाच गोष्टीला घाबरले असं नाही.

आता किंमत. यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन निवडी शेजारी ठेवा. दोघेही रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे), दोघांचेही कॉलेजात दोन्ही गुडघे गेलेले. फ्रँक गोर, २००५, तिसऱ्या फेरीचा पहिला खेळाडू, क्रमांक ६५. मार्कस लॅटिमोर, २०१३, चौथी फेरी, १३१. गोर १६ हंगाम खेळला आणि बरोबर १६,००० यार्ड पळून थांबला. इतिहासात फक्त एमिट स्मिथ आणि वॉल्टर पेटन त्याच्या पुढे. लॅटिमोर एकही सामना न खेळता २०१४च्या नोव्हेंबरमध्ये निवृत्त झाला. दोन्ही गुडघे गेलेले, हे वर्णन दोघांनाही लागू पडतं, पण गुडघे सारखे नव्हते. गोरची एसीएल तुटली होती. लॅटिमोरचा दुसरा गुडघा अख्खा सांध्यातून निखळला होता, आतली बरीच लिगामेंट एकदम गेली होती. एवढं माहीत असूनही चौथ्या फेरीत लॅटिमोरला घेणं मला आजही मूर्खपणाचं वाटत नाही. चौथ्या फेरीतले धडधाकट खेळाडूही बरेचसे दोन-तीन वर्षांत घरी जातात. तिथे गमवायला थोडं होतं आणि मिळाला असता तर मोठा खेळाडू मिळाला असता. हाच जुगार पहिल्या दहांत खेळला असता तर व्यवस्थापकाची नोकरी गेली असती, आणि योग्यच झालं असतं.

आणि भीती एका जागेची असते, घाव दुसरीकडेच बसतो. २०२०ला क्वार्टरबॅक टुआ टॅगोव्हायलोआच्या निखळलेल्या खुब्यावरून महिनोन्महिने वाद झाले. डॉल्फिन्सनी पाचवा घेतला.  पुढे मात्र सर्वांत जास्त चर्चा झाली ती डोक्याच्या मारांची, त्यांत बरेच सामने बुडाले.

कॉर्नरबॅकचं गणित क्वार्टरबॅकपेक्षा वेगळं, जिंकायच्या बेतात असलेल्या संघाचं नव्यानं बांधणी करणाऱ्या संघापेक्षा वेगळं, हे तुम्हाला मी सांगायला नको. एवढंच धरा की नवख्याचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचव्या वर्षाचा हक्क फक्त पहिल्या फेरीतल्यांवर मिळतो. पहिलं वर्ष बरं होण्यात गेलं तर दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूची तीनच वर्षं हातात राहतात. ज्या संघाला या सप्टेंबरमध्येच कॉर्नरबॅक हवाय त्यानं वाट बघू नये.

तर माझा कौल. तुम्ही दिलेल्या माहितीवर मी त्याला पहिल्या फेरीत घेणार नाही. दुसऱ्या फेरीच्या उत्तरार्धात घेईन, दोन अटींवर: शस्त्रक्रियेला सराव शिबिरापर्यंत नऊ महिन्यांहून जास्त झालेले असावेत आणि गुडघ्याच्या कूर्चेला धक्का नसावा. खांद्याचं फार मनावर घेत नाही, कॉर्नरबॅकला टॅकल करताना तो त्रास देईल, पण पळण्यात आडवा येणार नाही. हॅमस्ट्रिंगवर मात्र माझं मत हेलकावे खातंय, कारण कोणता पाय ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

तेवढं शोधा. कॉलेजच्या दुखापतींच्या बातम्यांत बहुतेक वेळा डावा-उजवा दिलेला असतो, आणि तंतू कुठून घेतला हे ही पोरं मुलाखतीत बिनधास्त सांगतात. शिवाय शस्त्रक्रियेनंतरच्या हंगामातले त्याचे दोन-तीन सामने काढून बघा, पण त्यानं चेंडू पकडलेला भाग नको. उलटं पळता पळता तो थांबतो ना, ती जागा बघा. ज्या पायावर शस्त्रक्रिया झाली त्यावर एका टप्प्यात थांबतो, की दोन लहान टप्पे जास्त घेतो? व्हिडिओ अर्ध्या वेगानं चालवलात तर सहज दिसेल. दोन टप्पे दिसले तर कुठल्या सामन्यात दिसले ते मला कळवा, म्हणजे मीही बघतो.